पाणबुड्याचा चौकोन

१२ ऑगस्ट

प्रिय बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. मी ठीक आहे. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी बागेला दोन फेऱ्या मारतो. वरच्या मजल्यावरचा इंजिनियर अजूनही जिन्यातच सायकल ठेवतो. परवा त्याला लेखी कळवलं. तोंडी सांगून समजेल अशी माणसं या इमारतीत राहत नाहीत.

तुझ्या लेकीची नोकरी कशी चालली आहे, जावयांची पाठ बरी आहे का, यातलं तू काहीच लिहिलं नाहीस. लिहिलास तो एकच प्रश्न, आणि त्याखाली दोनदा रेघ मारलीस. "दादा, तू तिथे होतास. ती नाणी ह्यांनी स्वतःच पुरली होती का? हो की नाही, एवढंच सांग. हो असेल तर मी त्या घरात परत पाऊल टाकणार नाही."

पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाकडे एका शब्दात उत्तर मागतेस. प्रश्नाला पार्श्वभूमी असते. ती आधी ऐकून घे.

तुझ्या यजमानांनी ते धातू शोधायचं यंत्र आणलं, त्याच दिवशी मी तुला म्हटलं होतं की यातून काही बरं निघणार नाही. जमिनीत पुरलेली नाणी शोधायची तर माणूस जमिनीवरचं डिटेक्टर घेतो. महाशयांनी घेतलं पाणबुड्यांचं, समुद्राच्या तळाशी हरवलेल्या अंगठ्या शोधायचं. आपल्या गावापासून समुद्र बसने अकरा तास. दुकानदाराने सांगितलं, पन्नास फूट पाण्याखालीसुद्धा चालतं, आणि यांना वाटलं, जे पाण्याखाली चालतं ते जमिनीवर धावेल. दुकानदाराकडे ते दोन वर्षं पडून होतं म्हणे. तो गिऱ्हाइकाचीच वाट बघत बसला होता, आणि गिऱ्हाईक चालत आलं.

आमच्या जुनी नाणी शोधणाऱ्या मंडळातल्या बाकीच्यांची यंत्रं लोखंड ओळखतात. खिळा असला की गप्प बसतात, नाणं असलं की बोलतात. यांचं यंत्र खिळा, बाटलीचं झाकण, केसांची पिन आणि नाणं या सगळ्यांना एकाच सुरात हाक मारतं. त्यामुळे महाशय दर चार पावलांवर गुडघे टेकतात, गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटतात, खालून गंजका खिळा काढतात, झाकण परत बसवतात आणि वर हाताने थोपटतात. एका रविवारी मी मोजलं. एकोणसाठ खड्डे आणि एकावन्न खिळे. मी विचारलं, सुतारकाम काढलंय का? तर म्हणाले, "दादा, खिळा आहे हे काढल्यावरच कळतं ना."

त्याचे हेडफोन तर बघण्यासारखे आहेत. पाणी आत जाऊ नये म्हणून कानांवर घट्ट बसणाऱ्या रबरी वाट्या. एकदा चढवल्या की जगबुडी आली तरी कळायचं नाही. मागे उभं राहून आम्ही काहीही बोलावं, हे आपले तबकडी झुलवत पुढे. 'पाणबुड्या' हे नाव मीच ठेवलं, आणि त्यांच्या पाठीमागे तीन हातांवर उभं राहून ठेवलं. सगळे हसले. हेही वळून हसले, कारण सगळे हसत होते.

मुळात माणूस चष्म्याच्या काचा घासणारा. दिवसभर एका काचेवरचा एक ओरखडा काढत बसायची सवय, आणि लोक त्याला चिकाटी म्हणतात. घरी आल्यावर ते यंत्र नळाखाली धरून साबणाने धुतात, टॉवेलने पुसतात, हे तू रोज बघत आलीस. तेव्हाच अडवायला हवं होतंस.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांना ते चांदीचं नाणं मिळालं, त्याचंही फार कौतुक झालं. झिमझिम सुरू झाल्यावर आम्ही आमची यंत्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून व्हरांड्यात येऊन बसलो. शहाणी माणसं हेच करतात. हे एकटे मैदानात. तासाभराने चिखलात माखून आले आणि तळहातावर नखाएवढं नाणं. संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली यांचं नाव लावलं. ओल्या मातीत आवाज जास्त स्पष्ट येतो, आणि भिजलं तरी चालेल असं यंत्र एकट्या यांच्याकडे होतं, यापलीकडे त्यात काही पराक्रम नाही. मी बावीस वर्षं मंडळात आहे. माझं एकही नाणं त्या कपाटात नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आता त्या दिवसाचं. मंडळाला जुन्या गुरांच्या बाजाराचं मैदान एका दिवसासाठी मिळालं होतं. नेहमीप्रमाणे दोऱ्या लावून चौकोन पाडले आणि प्रत्येकाला एकेक दिला. यांच्या वाट्याला नदीकडच्या टोकाचा, मोडक्या हौदाजवळचा चौकोन आला. संग्रहालयाचे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. अकराच्या सुमारास यांनी हात वर केला. एकाच खड्ड्यात पाच जुनी नाणी. सगळे धावले. अधिकाऱ्यांनी नाणी बघितली, खड्डा बघितला, खुरप्याने आणखी उकरून सिमेंटच्या गोणीचा तुकडा वर काढला.

"या कोपऱ्यात दहा वर्षांपूर्वी भराव टाकलाय," ते म्हणाले. "भरावात जुनी नाणी कशी येतील? आणि ही बोटाला तेलकट लागतायत. कुणाच्या तरी कपाटातली आहेत ही. कुठून आणलीत?"

"जमिनीतून निघाली," तुझे यजमान म्हणाले.

तीन वेळा विचारलं आणि तीन वेळा हेच उत्तर आलं. पुढचं तुला माहीत आहे. मंडळाच्या चिटणीसांनी तिथल्या तिथे नाव कमी केलं, पेपरवाल्याने चौथ्या पानावर चौकट टाकली, आणि दुकानात येणारी माणसं चष्म्याऐवजी नाणी मागून हसायला लागली. तुलाही ते त्या एका वाक्यापलीकडे काही सांगत नाहीत, असं तू लिहितेस. तीस वर्षांत पहिल्यांदा ते तुझ्यापासून काहीतरी लपवतायत, असंही लिहितेस.

मी तिथे होतो का? होतो. मी काय पाहिलं? खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसलेला एक माणूस पाहिला. त्याआधीचं मी काय सांगू? तुझ्या नवऱ्याला असली लबाडी सुचण्याइतकी अक्कल आहे, असं मला कधीच वाटलं नाही. पण कुणाच्या मनात काय असतं हे कोण सांगणार? काचेआड एकदा नाव लागलं की माणसाला चटक लागते, असं अधिकारी म्हणाले, आणि ते अनुभवी गृहस्थ आहेत.

तू सध्या लेकीकडेच राहा. घाईने परत यायचं काही कारण दिसत नाही. विश्रांती घे.

तुझा,
दादा

ता. क. इंजिनियरने सायकल हलवली. आता बरोबर माझ्या दारासमोर ठेवतो.


३ सप्टेंबर

बेबी,

आधी उत्तर देतो. नाही. तुझ्या नवऱ्याने ती नाणी पुरली नाहीत. मी पुरली.

हे वाक्य मी सकाळपासून सात कागदांवर लिहिलं आणि दर वेळी त्याच्यापुढे काहीतरी कारण जोडलं. मुलांच्या वह्यांतली असली उत्तरं मी लाल रेघ मारून खोडत असे. म्हणून आता जे झालं ते ओळीने सांगतो.

तुझं पोस्टकार्ड आलं. "तू नाही म्हणाला नाहीस. कळलं." एवढंच त्यावर होतं. ते वाचून मी वहीत ठेवून दिलं. मनाशी म्हटलं, बघू, रागात आहे, निवळेल. मग शनिवारी तुझे जावई टेम्पो घेऊन तुझं शिवणयंत्र आणि कपाट न्यायला आले. तू तिथे कपडे शिवायचं काम घेणार आहेस, पुढच्या महिन्यापासून वेगळी खोली बघणार आहेस, हे मला त्यांच्याकडून कळलं. म्हणजे माझ्या त्या गुळगुळीत पत्रावर तू संसार मोडायला निघाली होतीस.

मी तिथे देखरेखीला गेलो होतो. मला वाटलं होतं, तुझे यजमान काहीतरी आपटतील किंवा जावयांसमोर रडतील. त्यांनी आपल्या अंगावरची रजई आणून शिवणयंत्राला गुंडाळली. बॉबिनचा डबा वेगळा बांधला आणि त्यावर चिठ्ठी लावली, कारण यंत्र हललं की त्याचा खण उघडतो म्हणे. जावयांना सांगितलं, वळणावर हळू घ्या. टेम्पो गेला, आणि ते आत येऊन चहा ठेवायला लागले.

स्वयंपाकघरात तुझ्या यंत्राच्या जागी फरशीवर चार फिकट ठिपके राहिले होते. मला तिथे उभं राहवेना. म्हणून मी त्यांच्यावरच गेलो. मला सवय तीच आहे.

"तुम्ही तिला सरळ सांगत का नाही," मी म्हटलं, "की मी पुरली नाहीत म्हणून?"

ते कप विसळत होते. म्हणाले, "मग ती विचारेल, कोणी पुरली."

"तुम्हाला काय माहीत कोणी पुरली?"

"दादा, तुमच्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा सगळी कार्डं मीच लिहिली ना."

बेबी, दोन वर्षांपूर्वीचं माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुला आठवत असेल. आधी एक डोळा, मग दुसरा. सहा आठवडे हे गृहस्थ रोज दुकान बंद केल्यावर माझ्याकडे येऊन बसत. माझ्या संग्रहातलं एकेक नाणं आपल्या भिंगाखाली धरून मला वर्णन सांगत, मी नाव सांगे आणि ते कार्ड लिहीत. तीनशेच्या वर कार्डं झाली. मी त्यांना लेखनिक समजत होतो. लेखनिकाला डोळे असतात आणि तो समोरचं बघतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या माणसाचा जन्म काचेवरचे ओरखडे शोधण्यात गेला, त्याच्याच चौकोनात मी त्यानेच तपासलेली नाणी पुरली आणि मनात म्हटलं, याला काय कळणार आहे. इतका मठ्ठ विद्यार्थी माझ्या वर्गात कधी नव्हता.

चौकोन त्यांच्या वाट्याला आला असं मी मागच्या पत्रात लिहिलं. चौकोन वाटून देण्याचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. तो मी दिला. आदल्या दुपारी दोऱ्या लावताना मी हौदामागे बसलो आणि पाच नाणी वीतभर खाली सरकवली. बेत असा होता की दुसऱ्या दिवशी त्यांना ती सापडतील, ते नाचतील, पाहुण्यांसमोर भाषण ठोकतील, आणि मग मी खिशातून पाच कार्डं काढून मोठ्याने वाचून दाखवीन. सगळे हसतील. एवढंच. तो कोपरा भरावाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या अज्ञानावर बोलण्यात माझं आयुष्य गेलं, आणि पायाखालची जमीन कसली आहे ते मी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

ते नाचले नाहीत. नाणी तळहातावर घेऊन एकेक उलटी केली, कानांवरच्या रबरी वाट्या काढल्या आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, शाबासकी मागतायत. मी तोंड फिरवलं. नाण्यांना लावलेलं तेल माझंच होतं आणि कार्डं माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. अधिकारी म्हणाले, असली लबाडी करणाऱ्या माणसाला पुन्हा कुठल्या मैदानात उभं करू नका. तेव्हा माझा हात खिशावर होता, आणि तो मी तिथेच ठेवला. पुढच्या महिन्यात मला अध्यक्ष करायचं ठरलं होतं. मी घरी येऊन व्यवस्थित जेवलो.

कशासाठी केलं ते तुला कळलंच असेल. त्या काचेच्या कपाटापाशी मी दर आठवड्याला जात होतो. संग्रहालयाचा पहारेकरी मला खुर्ची द्यायला लागला होता. 'मला काही वाटत नाही' असं मी तुला लिहिलं, पण माझ्या पोटात इतकं दुखत होतं की त्यांचं नाव दिसू नये म्हणून मी चष्मा काढून त्या नाण्याकडे बघायचो. तो चष्माही त्यांनीच करून दिलेला.

स्वयंपाकघरात मी त्यांना विचारलं, "मग तिथेच का नाही बोललात?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो."

"आणि मी बोललो नाही."

"हो. मग घरी येताना विचार केला. माझ्यावर रागावली तर ती रागावेल, एवढंच. तुमच्याबद्दल कळलं तर तिचं काही खरं नाही. आई गेल्यावर तुम्ही तिची वेणी घालायचात आणि वाकडी घालायचात, हे ती अजून सांगते. ती इतकी लांब जाईल असं मात्र वाटलं नव्हतं."

बेबी, खोटं कशाला सांगू? त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा रागच आला. मला ओळखून, वर मला सांभाळून घेऊन, हा माणूस माझ्यासाठी कप विसळत होता. याला एवढा मोठेपणा परवडतो तरी कसा? मी ओरडलो, "तुम्ही मूर्ख आहात." ते म्हणाले, "असेन. साखर किती घालू?" तीस वर्षं मी त्या घरात चहा पितो, आणि एवढं ऐकून घेऊनही त्यांनी मला साखर विचारली. मी तिथेच रडलो. ते बाहेर जाऊन ओट्यावर ते यंत्र पुसत बसले. आता त्यांना कुठल्याच मैदानात कोणी येऊ देत नाही, तरी रोज पुसतात.

सोमवारी मी चिटणीसांना आणि संग्रहालयाला पत्रं दिली, सोबत पाचही कार्डं. चिटणीस म्हणाले, "सर, आता कशाला उकरून काढता? लोक विसरत आलेत." या माणसाला मी तीन वर्षं इतिहास शिकवला होता. मी राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, सगळ्यांसमोर वाचून दाखव, नाहीतर मी येऊन वाचतो. अधिकाऱ्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं. पेपरवाला म्हणतो, खुलाशाला जागा नाही. चौकटीला होती. त्याच्या कचेरीत मी उद्या परत जाणार आहे आणि जागा होईपर्यंत जात राहणार आहे. बोलून बोलून माणसाला नकोसं करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे तुला माहीत आहे.

आता शेवटचं सांगतो, नीट वाच. तुला सगळं कळवतोय, हे मी काल दुकानात जाऊन त्यांना सांगितलं. ते एका गिऱ्हाइकाची काच घासत होते. मान वर न करता म्हणाले, "लिहा तुम्ही. तिने मला विचारलं तर मी सांगेन, दादांना माझी कणव आली म्हणून अंगावर घेतायत." आणि ते तसं सांगतील. शांतपणे, काच पुसत सांगतील, आणि तुला ते खरं वाटेल, कारण लहानपणापासून माझ्याबद्दलची चांगली गोष्ट तुला लगेच खरी वाटते. मंडळातही ते हेच सांगतील. माझ्या कार्डांवर अक्षर त्यांचं आहे, म्हणजे नाणीही त्यांचीच, असंसुद्धा ते मला वाचवायला म्हणतील.

मागच्या महिन्यात तू मला विचारलंस, या माणसावर विश्वास ठेवू की नको. ठेव. तुझं कपाट परत आण, यंत्र परत आण, आणि जन्मभर ठेव. फक्त दादा खोटं बोलतोय असं ते तुला सांगतील, ते एवढं एक ऐकू नकोस.

तुझ्यापेक्षा वयाने मोठा, एवढाच,
दादा